गेमचं संगीत गाण्यासारखं का नसतं? माझ्या पहिल्या इंडी गेमने शिकवलेल्या गोष्टी

माझ्या मावसबहिणीने चौथ्या मिनिटाला फोनचा आवाज बंद केला. गेम मात्र ती पुढची अर्धा तास खेळत राहिली!

तो गेम माझ्या मित्राने बनवला होता आणि त्याचं संगीत मी केलं होतं. दीड महिना राबून केलेला ट्रॅक होता. सुरुवातीला बासरी, मग तबला, मग मुखडा, अंतरा, सगळं व्यवस्थित. हेडफोन लावून ऐकलं की भारी वाटायचं. पण तिने एका बोटाने तो गप्प केला. विचारलं तर म्हणाली, "दादा, गाणं छान आहे रे, पण तेच तेच ऐकून डोकं उठलं."

त्या एका वाक्याने मला कळलं की मी गाणं बनवलं होतं, गेमचं संगीत बनवलंच नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्यापैकी अनेक जण फोनवर बीट बनवतात, काही जण गेमही बनवायला लागले आहेत. म्हणून आज हा फरक काय आहे, गेमसाठी स्वतःचं संगीत कसं रचतात आणि शेवटी करारावर सही करताना काय बघायचं, हे सगळं सविस्तर सांगतो.

गाणं सरळ जातं, गेम कुठेही जातो

सिनेमाचा संगीतकार पडद्यावरचा सीन बघून संगीत करतो. नायिका दार उघडते तो क्षण ठरलेला असतो. थिएटरमध्ये कुणीही बसलेलं असो, दार त्याच सेकंदाला उघडणार.

गेममध्ये दार कधी उघडायचं ते खेळणारा ठरवतो. एक जण दहा सेकंदात उघडेल, दुसरा आधी सगळं अंगण फिरून येईल, तिसरा दारासमोर फोन ठेवून जेवायला जाईल. तुमचं संगीत या तिघांनाही पुरलं पाहिजे आणि तिघांनाही कंटाळवाणं वाटता कामा नये.

आमच्या गेममध्ये नेमकं काय चुकलं ते ऐका. गेम असा आहे: वीज गेलेल्या एका जुन्या वाड्यात तुम्ही कंदील घेऊन फिरता. कंदिलातलं तेल हळूहळू संपतं. संपलं की मेलात, पुन्हा सुरुवात. माझी बहीण पहिल्याच मजल्यावर सत्तावीस वेळा मेली. दर वेळी ट्रॅक पहिल्यापासून सुरू व्हायचा. म्हणजे बासरीचे पहिले आठ सेकंद तिने सत्तावीस वेळा ऐकले आणि ज्या अंतऱ्यावर मी दोन आठवडे घालवले, तो तिच्या कानावर एकदाही पडला नाही.

यावर उपाय कुणीतरी आधीच शोधलेला असणार, म्हणून मी इतर गेम कान देऊन खेळायला लागलो. २०१८ सालचा 'सेलेस्ट' हा डोंगर चढण्याचा गेम आहे, संगीत लीना रेन यांचं. त्यात खेळणारा शेकडो वेळा पडतो. पण पडल्यावर संगीत थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरूही होत नाही. ते चालूच राहतं. त्यामुळे हरल्याची चिडचिड कमी होते आणि पुन्हा प्रयत्न करावासा वाटतो. एवढा छोटा निर्णय, पण खेळण्याचा सगळा अनुभव बदलतो.

'माइनक्राफ्ट'ने तर वेगळाच मार्ग धरला. त्याचं सुरुवातीचं संगीत डॅनियल रोझेनफेल्ड यांचं, सी-फोर-एटीन या नावाने ते ओळखले जातात. तुम्ही खेळला असाल तर आठवून बघा, त्यात संगीत सतत वाजत नाही. एक ट्रॅक संपला की कितीतरी मिनिटं शांतता असते. मग तुम्ही माती खणत असता आणि अचानक पियानो येतो. तासन् तास खेळायच्या गेममध्ये शांतता हासुद्धा संगीताचाच भाग असतो, हे मला तिथे कळलं.

आधी खेळा, मग वाजवा

दुसऱ्या वेळी मी कीबोर्डला हातच लावला नाही. आधी मित्राचा गेम आवाज बंद करून पाच वेळा खेळलो आणि वहीत एक तक्ता केला. प्रत्येक जागेसाठी चार प्रश्न:

१. खेळणारा इथे साधारण किती वेळ असतो?
२. त्याला इथे काय वाटायला हवं?
३. इथे दुसरे कोणते आवाज आहेत? पावलं, दार, पाऊस, संवाद?
४. इथून तो कुठे कुठे जाऊ शकतो?

तिसरा प्रश्न नवखे लोक हमखास विसरतात. आमच्या गेममध्ये कंदिलाचं तेल संपत आलं की वात फडफडल्याचा बारीक आवाज येतो. खेळणाऱ्याला तो ऐकू येणं गरजेचं आहे. माझी बासरी बरोबर त्याच पट्टीत वाजत होती आणि तो आवाज झाकला जात होता. म्हणजे माझ्या संगीतामुळे लोक मरत होते!

या तक्त्यातून कामाची यादी निघाली: मेनू, वाड्यात फिरताना, धोका, खोली उजळल्यावर, मेल्यावर आणि शेवट. सहा गोष्टी. माझा पहिला बेत चौदा ट्रॅकचा होता. त्याची गरजच नव्हती.

एक धून, अनेक रूपं

कमी ट्रॅक म्हणजे गरीब संगीत, असं मुळीच नाही. एकच धून धरायची आणि ती प्रसंगानुसार वेगवेगळ्या वेषात आणायची. यासाठी 'अंडरटेल' ऐकाच. २०१५ साली आलेला हा गेम टोबी फॉक्स यांनी जवळपास एकट्याने बनवला आणि संगीतही स्वतःच केलं. त्याच्या अल्बममध्ये १०१ ट्रॅक आहेत. पण लक्ष देऊन ऐकलं तर कळतं की मोजक्या धुना फिरून फिरून येतात. सुरुवातीला साध्या बीपमध्ये ऐकलेली चाल पुढे मोठ्या लढाईत येते, आणि तेव्हा का कोण जाणे, अंगावर काटा येतो. आपल्या कानाने ती आधीच ओळखीची करून ठेवलेली असते.

आमच्या वाड्यासाठी मला अशी एक धून हवी होती. महिनाभर सुचेना. मग एका रविवारी आजी स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणत होती. जात्यावरच्या ओवीची चाल. लहानपणापासून ऐकलेली, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. पाचच स्वरांत फिरणारी. मी फोन काढला, पंखा बंद केला आणि रेकॉर्ड केलं.

त्या पाच स्वरांवर सगळा गेम उभा राहिला. मेनूत ती चाल आजीच्याच आवाजात, फक्त गुणगुणणं, शब्द नाहीत. वाड्यात फिरताना तीच चाल अर्ध्या वेगाने, हार्मोनियमच्या एका लांब सुरावर. धोक्यात तिचे फक्त पहिले दोन स्वर, पुन्हा पुन्हा. खोली उजळली की पूर्ण चाल, संतूरवर.

इथे एक गंमत झाली. आजीचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी होता. सॉफ्टवेअरमध्ये तिचा आवाज ओढून "बरोबर" सुरात आणता येतो. मी आणून पाहिला. ऐकलं तर आजी राहिलीच नव्हती, कुठल्यातरी ॲपमधली बाई गात होती. मग उलटं केलं. तिचा आवाज तसाच ठेवला आणि बाकीची सगळी वाद्यं तिच्या सुरात लावली. दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग मानतात, त्याला सेंट म्हणतात. मी सगळा प्रोजेक्ट काळी एकपासून चाळीस सेंट वर सरकवला. काम दोन मिनिटांचं, पण फरक जमीन-अस्मानाचा.

घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर: पंखा आणि फ्रिज बंद, खिडकीवर जाड गोधडी, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये सर्वांत चांगली क्वालिटी निवडा, आणि आवाज आपोआप साफ करायचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. तो पर्याय बोलण्यासाठी असतो, गुणगुणणं त्यात कापलं जातं.

लूप: समेवर येणं

गेमचं बरंचसं संगीत लूपमध्ये चालतं, म्हणजे शेवटाला पोहोचलं की पुन्हा सुरुवातीला येतं. तबला शिकलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. ठेका जसा फिरून समेवर येतो आणि जोड कुठे आहे हे कळतही नाही, तसंच.

पण कॉम्प्युटरला सम कळत नाही, त्याला अचूक लांबी लागते. हिशोब सोपा आहे. माझा वेग मिनिटाला ९० ठोके. म्हणजे एक ठोका ६० भागिले ९०, ०.६६७ सेकंदाचा. चार ठोक्यांचा एक बार २.६६७ सेकंदांचा. २४ बार झाले बरोबर ६४ सेकंद. फाइल ६४ सेकंदांचीच हवी. थोडी जरी लांबली, तरी दर फेरीला ठेच लागल्यासारखं होतं. आणि एकदा ती ठेच कानाला कळली की मग तीच ऐकू येते!

इथे दोन खड्डे आहेत. मी दोन्हींत पडलो.

पहिला खड्डा, शेपटीचा. संतूरचा शेवटचा स्वर ६४ व्या सेकंदाला वाजतो, पण त्याची आस पुढे दोन-तीन सेकंद रेंगाळते. फाइल ६४ वर कापली की ती आस कुऱ्हाडीने तोडल्यासारखी तुटते. उपाय: तोच लूप सलग दोनदा वाजवून रेकॉर्ड करायचा आणि फक्त दुसरी फेरी कापून घ्यायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपटी आपोआप मिसळलेली असते. जोड गायब.

दुसरा खड्डा, एमपी-३. गाणी ऐकायला एमपी-३ ठीक आहे, पण तो बनताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता जोडली जाते. लूपमध्ये तीच खटकते. म्हणून गेमसाठी ऑग व्हॉर्बिस किंवा वेव्ह वापरतात.

मग सगळं वेव्हमध्येच का नाही ठेवायचं? कारण फोनची जागा. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट स्टिरिओ वेव्ह साधारण १० एमबी घेतं. आमचं सगळं मिळून पंधरा मिनिटांचं संगीत, म्हणजे जवळपास १६० एमबी! तेच ऑगमध्ये १२८ केबीपीएसला १५ एमबीच्या आत बसलं. स्टोरेज भरलेल्या फोनवर कुणी तुमचा गेम ठेवेल की उडवेल, हे अशा आकड्यांवर ठरतं.

संगीताचे थर

आता सगळ्यात मजेशीर भाग. खेळात काय चाललंय त्यानुसार संगीत बदलायचं कसं?

ही कल्पना जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार खर्जातले स्वर पुन्हा पुन्हा वाजतात. शत्रू कमी होत जातात, वेगाने खाली येतात, आणि ते चार स्वरही वेग घेतात. बाकी काही नाही, पण छाती धडधडायला लागते.

आज त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती आहेत.

पहिली, थरांची. एकाच लांबीचे, एकाच वेगाचे तीन-चार ट्रॅक एकाच वेळी चालू ठेवायचे आणि त्यांचा आवाज कमी-जास्त करायचा. आमच्याकडे तीन थर आहेत. पहिला हार्मोनियमचा लांब सूर, तो कायम. दुसरा चालीचा. तिसरा धोक्याचा, म्हणजे ढोलाचा बारीक ठोका आणि ते दोन स्वर. तेल भरपूर असताना तिसरा थर शून्यावर असतो. तो वाजतच असतो, फक्त ऐकू येत नाही. त्यामुळे आवाज वाढवला की तो बरोबर तालातच येतो.

दुसरी पद्धत, तुकड्यांची. संगीताचे छोटे तुकडे करायचे आणि गेम पुढचा तुकडा कोणता ते ठरवतो. खोली उजळली की चालू बार पूर्ण होऊ द्यायचा आणि मग संतूरचा तुकडा. मधेच उडी मारली तर ठेका तुटतो. आणि एखादी घटना झटक्यात दाखवायची असेल, समजा किल्ली सापडली, तर त्यासाठी एक-दोन सेकंदांचा छोटा तुकडा वरून वाजवायचा. त्याला स्टिंगर म्हणतात.

थरांच्या बाबतीत एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. मी मित्राला सांगितलं, तेल ३० टक्क्यांच्या खाली गेलं की तिसरा थर चालू, वर आलं की बंद. दिसायला बरोबर. पण खेळणारा ३० च्या आसपास थेंब थेंब तेल गोळा करत असेल तर? ढोल चालू, बंद, चालू, बंद. सैल वायरचा बल्ब जसा! मग आकडे वेगळे केले: ३० च्या खाली गेलं की चालू, पण बंद व्हायला तेल ४० च्या वर जायला हवं. शिवाय आवाज एकदम न वाढवता तीन सेकंदांत हळूहळू. प्रश्न मिटला.

आणि मेल्यावर? 'सेलेस्ट'कडून शिकलो तेच. संगीत थांबवायचं नाही. फक्त दोन सेकंद त्यातले वरचे सूर कापायचे, म्हणजे पाण्याखाली गेल्यासारखं ऐकू येतं, आणि पुन्हा उभं राहिलं की कान मोकळे.

हे सगळं जोडायला मोठ्या स्टुडिओंमध्ये एफमॉड आणि वाइज ही साधनं वापरतात. छोट्या प्रोजेक्टसाठी दोन्ही अटींसह मोफत मिळतात. तुमचा मित्र गोडो इंजिन वापरत असेल तर त्याच्या ४.३ या आवृत्तीपासून थर एकत्र वाजवायची आणि तुकडे बदलायची सोय इंजिनमध्येच आली आहे.

तुमच्या फोनचा स्पीकर खर्ज खातो

माझ्या हेडफोनमध्ये ढोल घुमत होता. बहिणीच्या फोनवर मात्र नुसतं टिकटिक. कारण सरळ आहे, फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. साधारण २०० हर्ट्झच्या खालचे सूर तो धड वाजवूच शकत नाही. माझ्या ढोलाचा मूळ सूर ५५ हर्ट्झच्या आसपास होता. म्हणजे तो स्पीकरपर्यंत पोहोचून तिथेच मेला.

पण आपला मेंदू इथे मदतीला येतो. कोणत्याही सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सूरही बारीक वाजत असतात. ५५ बरोबर ११०, १६५, २२०, २७५. वरचे सूर ऐकू आले की मेंदू खालचा गायब सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून ढोलाला थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे मुद्दाम किंचित फाटका केला. वरचे सूर ठळक झाले आणि फोनवरही ढोल ढोलासारखा वाटायला लागला.

आणखी तीन गोष्टी फोनसाठी नक्की तपासा:

– मोनोमध्ये ऐका. अनेक फोनना एकच स्पीकर असतो. फक्त डाव्या बाजूला ठेवलेलं वाद्य तिथे कसं येतं ते बघा.
– मध्येच फोन आला आणि परत गेममध्ये आलं, तर सगळे थर तालात राहतात का? आमचे राहत नव्हते.
– आवाज बंद ठेवून गेम खेळता येतो का? बसमध्ये, वर्गात, रात्री घरात अनेक जण असंच खेळतात. ज्यांना ऐकूच येत नाही असेही खेळणारे असतात. म्हणून वात फडफडली की आम्ही पडद्याच्या कडाही थरथरवतो.

साधनं: लॅपटॉप नसेल तरी चालेल

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर बँडलॅब मोफत आहे. आयफोनवर गॅरेजबँड मोफत मिळतं. एफएल स्टुडिओ मोबाइल विकत घ्यावं लागतं. ब्राउझरमध्येच चालणारं बीपबॉक्स जुन्या धाटणीच्या बीप-बूप संगीतासाठी मस्त आहे, काही इन्स्टॉल करायलाच नको. लॅपटॉप असेल तर एलएमएमएस मोफत आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं.

एक सल्ला. संगीत करताना ब्लूटूथ इअरबड वापरू नका. बोट आणि आवाज यांच्यात अंतर पडतं आणि ठेका चुकतो. साधे वायरचे इअरफोन घ्या.

तयार लूप आणि सॅम्पल वापरणार असाल तर प्रत्येकाचा परवाना वाचा आणि कुठून घेतलं ते वहीत लिहून ठेवा. "मोफत" म्हणजे "विकायच्या गेममध्ये चालेल" असं नसतं.

सही करण्याआधी

आता तो भाग, ज्यावरून माझी आणि मित्राची जवळजवळ मैत्री तुटली.

गेम बऱ्यापैकी तयार झाल्यावर एका प्रकाशकाने रस दाखवला. मित्राने आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली होती, जमवलेले पैसे संपत आले होते. प्रकाशकाने कराराचा मसुदा पाठवला. त्यात संगीताबद्दल एकच परिच्छेद होता: एकरकमी मोबदल्यात सगळं संगीत, त्याची कच्ची रेकॉर्डिंग धरून, कायमसाठी, जगभरासाठी, कोणत्याही उत्पादनात वापरायच्या हक्कासह त्यांचं.

मित्र म्हणाला, "अरे कर ना सही. आपल्याला कोण ओळखतंय?" त्याचंही चूक नव्हतं. पण मी "कच्ची रेकॉर्डिंग" या दोन शब्दांवर अडलो. त्यात आजीचा आवाज होता.

आजीला विचारायला गेलो. खरं तर आधीच विचारायला हवं होतं. ती जुनी चाल कुणा एकाची नाही, पण तिचा आवाज तिचाच आहे, आणि आपल्या कायद्यानेही गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो. मी सगळं समजावून सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "तुझ्या खेळात वाजव की. पण उद्या माझा आवाज साबणाच्या जाहिरातीत आला तर मी काय करू?"

प्रकाशकाच्या मसुद्यातली नेमकी मेख तिने एका वाक्यात सांगितली.

मग मी वाचायला बसलो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे "कायमसाठी" आणि "जगभर" हे शब्द उगाच टाकलेले नसतात. ते लिहिले नसते, तर त्यांना तेवढं मिळालंच नसतं.

आणि आठवलं 'माइनक्राफ्ट'. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. पण रोझेनफेल्ड यांनी आपल्या त्या संगीताचे हक्क स्वतःकडे ठेवले होते. गेम एकाचा, संगीत दुसऱ्याचं, असं राहू शकतं. त्याला विकणं नाही, परवाना देणं म्हणतात.

मी आणि मित्राने एका ओळखीच्या वकिलांना मसुदा दाखवला आणि तीन बदल मागितले. एक, प्रकाशकाला या गेममध्ये, त्याच्या ट्रेलरमध्ये आणि पुढच्या भागांत संगीत वापरायचा परवाना, आणि पाच वर्षं मी ते दुसऱ्या कुठल्या गेमला देणार नाही. दोन, अल्बम काढायचा हक्क माझा. तीन, आजीचा आवाज फक्त या गेमपुरता, कच्ची रेकॉर्डिंग आमच्याकडे.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. ते तीन आठवडे मित्र माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मला झोप लागत नव्हती. शेवटी उत्तर आलं: पहिलं आणि तिसरं मान्य, अल्बमच्या कमाईत निम्मा वाटा त्यांना हवा. रक्कमही थोडी कमी केली. आम्ही हो म्हणालो. ती कमी झालेली रक्कम मी माझ्या वाट्यातून दिली. हट्ट माझा होता.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: तुमचं संगीत यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवताना विचार करा. कुणी तुमचा गेम खेळतानाचा व्हिडिओ टाकला की त्यालाच दावा जातो. फुकटात गेमची जाहिरात करणाऱ्यांनाच आपण पळवून लावतो.

आपल्याकडे हे होतंय का?

होतंय. 'राजी' हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम २०२० साली आला आणि जगभर खेळला गेला. आपल्या पुराणकथांवरचा गेम, पण त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट उत्साह आला. पुण्यातल्या गेमला ग्रीसचा संगीतकार चालतो, तर मग आपल्या गावातला मुलगा किंवा मुलगी परदेशातल्या गेमला संगीत का देऊ शकणार नाही? फाइल पाठवायला व्हिसा लागत नाही.

सुरुवात छोटीच करा. या आठवड्यात तुमच्या आवडीचा एखादा गेम आवाज बंद करून दहा मिनिटं खेळा आणि वरचे चार प्रश्न वहीत लिहा. मग बरोबर १६ बारचा एक लूप करा. तो स्वतः सलग वीस मिनिटं ऐका, अभ्यास करताना, भांडी घासताना. कंटाळा आला तर कुठे आला ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर "एक वाद्य काढून टाक" हेच असतं.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती घेऊन मी पुन्हा मावसबहिणीकडे गेलो. काहीच सांगितलं नाही, फक्त फोन हातात दिला. ती तासभर खेळली. आवाज चालू होता. मी विचारलं, संगीत कसं वाटलं?

ती म्हणाली, "संगीत? अरे हो, होतं का?" आणि मग ताट घ्यायला आत जाताना तीच चाल गुणगुणत गेली.